गजभिये काकांची राहिलेली मॅच

“हे कोण लिहून घेतंय?”

हा प्रश्न गजभिये काका कुठंही विचारायचे. मराठी मंडळाच्या मिटिंगमध्ये तर विचारायचेच, पण कुणाकडे डोहाळजेवणात भेंड्या रंगल्या की तिथंही विचारायचे. एकदा एका बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि मागून काकांचा आवाज आला, “लिहिलं का कोणी?” लोक हसायचे. मीही हसायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागही यायचा. माझा स्वभाव मुळात घाईचा. झालं ते झालं, पुढचं बघा, अशी मी.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ट्रॉय गावच्या एका पार्कमध्ये, मंडळाच्या समर पिकनिकला. मिशिगनला येऊन मला तीनच महिने झाले होते, आणि शैलामावशीनं, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीनं, मला ओढून मंडळाच्या कमिटीत घातलं होतं. जेवणं झाल्यावर रस्सीखेच ठेवली होती, बायका विरुद्ध पुरुष. आम्ही जिंकायच्या बेतात होतो आणि दोर मधोमध तुटला. सगळी मंडळी गवतावर आडवी. आम्ही हसत, कपडे झटकत उठतोय तेवढ्यात एक सडपातळ, सत्तरीचे गृहस्थ हातात क्लिपबोर्ड घेऊन माझ्यापाशी आले. भर उन्हाळ्यात अंगात झिपचा स्वेटर, खिशाला दोन पेनं.

“कॅप्टन तू का?”

“माहीत नाही. असेन.”

“मग सांग. ही धरायची की नाही?”

“काय धरायची?”

“मॅच. दोर तुटला तेव्हा तुम्ही दीड फूट पुढं होता. धरायची असेल तर तुम्ही जिंकल्या. नाही धरली तर झालीच नाही.”

“काका, पिकनिक आहे ही, ऑलिंपिक नाही.”

त्यांनी कागदावर ‘ठरलं नाही’ असं लिहिलं. “खेळल्या हे तर खरंच आहे,” ते म्हणाले. “पण लिहिलं नाही तर पाच वर्षांनी कोणीतरी म्हणेल, बायका कधी जिंकल्याच नव्हत्या.” आणि चष्मा सारखा करत ते लिंबू-चमच्याच्या रांगेकडे गेले.

काका नागपूरचे. इंजिनिअर होऊन तरुणपणीच डेट्रॉइटला आले आणि एका कार कंपनीच्या टेस्टिंग विभागात आयुष्यभर ब्रेक तपासत राहिले. बोलण्यात नागपूर अजून शाबूत होतं. शोभाकाकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. एकुलती मुलगी प्रज्ञा दूर, विमानानं जावं लागे अशा चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. काका एकटे राहायचे, पण घर लख्ख. मंडळाची फोल्डिंग टेबलं त्यांच्या बेसमेंटमध्ये असायची, आणि ती आणायला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले.

बेसमेंटच्या पायऱ्या उतरल्यावर समोर बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला काकूंचा फोटो, आणि त्याच्या शेजारी एक फार जुना, पिवळा पडलेला फोटो. मिशाळ गोरे अकरा जण, हाताची घडी घालून, गुडघ्याखाली येणाऱ्या चड्ड्यांमध्ये. खाली भिंतीला लागून खोकीच खोकी.

“हे कोण काका? तुमचे कंपनीतले?” मी गमतीनं विचारलं.

“हे लोहार. कुलपं बनवणारे,” काका म्हणाले. “बस. टेबलं पळून नाही जाऊन राहिली.”

मला बसायला वेळ नव्हता. तरी बसले, आणि तास गेला.

तरुणपणी कंपनीनं काकांना दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं. मधल्या भागातल्या एका लहान गावात, जिथं घरोघरी कुलपं बनवायचे, ते ॲडाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेकडे भाड्यानं राहिले. “त्या गावात माझ्या रंगाचा मी एकटा,” काका म्हणाले. “तीन घरांनी खोली नाही म्हटलं. चौथ्या दारात ही बाई उभी होती. म्हणाली, पाय पूस आणि आत ये.” थंडीच्या दिवसांत ॲडाबाई शेगडीपाशी बसून आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगायच्या. आजोबा त्या गावच्या फुटबॉल क्लबकडून खेळायचे. तो क्लब कधीच बुडाला. आजोबा मरेपर्यंत म्हणत होते की एका वर्षी आम्ही आमच्या लीगमध्ये पहिले आलो. आणि आजी दर वेळी म्हणायची, जी लीग संपलीच नाही तिच्यात पहिलं कोण येतं?

“म्हणजे?” मी विचारलं.

काका उठून वर गेले आणि स्वयंपाकघरातून वाट्या घेऊन आले. स्टीलच्या, आपल्या घरोघरी असतात तशा. त्यांनी बारा वाट्या टेबलावर गोल मांडल्या.

“राणीचा काळ, शंभर वर्षांपलीकडचा. शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि अख्खं गाव मैदानावर. पण मॅचचा काही भरवसा नाही. आज येतो म्हणणारा क्लब दुसरीकडे गर्दी जास्त दिसली की तिकडं जायचा. म्हणून या बारा क्लबांनी ठरवलं, आपण आपसांत पक्क्या तारखा लावू, पॉइंट मोजू, गुणतक्ता ठेवू. ती पहिली लीग. चांगलीच गोष्ट होती. फक्त बारा झाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.” मग उरलेल्या वाट्या त्यांनी गोलाच्या बाहेर, टेबलाच्या कडेला ठेवल्या. “हे बाहेर राहिले. यांच्यातही दमदार लोक होते. त्यांनी रागारागात, घाईघाईत दुसरी लीग काढली. पण तारखा ठरवायला कोणी नाही, ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. एकाच क्लबाशी तीनदा खेळायचे आणि त्यातली कोणती लीगची, कोणती दोस्तीतली, ते ज्याचं त्यालाच माहीत. वसंतात एका हॉटेलात मिटिंग घेतली आणि लीग बंद केली. निम्म्या मॅचा राहिल्या. गुणतक्ता कोणी मांडलाच नाही.”

“का नाही मांडला?”

“प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी लिहून घेत असेल.”

ॲडाबाईंना त्यांनी निघताना शब्द दिला होता. मी शोधून काढतो, तुमच्या आजोबांचा क्लब कितवा आला ते, आणि चार लोकांसमोर उभा राहून वाचून दाखवतो. बाई हसल्या होत्या आणि भिंतीवरचा तो अकरा जणांचा फोटो काढून त्यांनी काकांच्या हातात दिला होता. दोन वर्षांत बाई गेल्या. काका मात्र शब्द धरून बसले. सुट्टी मिळाली की इंग्लंडच्या लायब्रऱ्यांना पत्रं, मायक्रोफिल्मची रिळं, पुढं इंटरनेट आलं तेव्हा स्कॅन केलेले जुने पेपर. नोकरी करता करता, प्रज्ञाला वाढवता वाढवता, काकूंचं आजारपण काढता काढता त्यांनी त्या मेलेल्या लीगची एकेक मॅच गोळा केली. मी गेले त्या दिवशी ॲडाबाईंच्या क्लबची एकच मॅच सापडायची राहिली होती.

मी वाट्या गोळा करायला लागले तेव्हा ते सहज म्हणाले, “आम्ही आलो तेव्हा इथं मंडळातही बारा कुटुंबं होती. पहिली काही वर्षं आम्हाला गणपतीचं बोलावणं नसायचं. शोभा म्हणायची, राहिलं असेल चुकून. आम्ही चार घरं मिळून याच बेसमेंटमध्ये बुद्धपौर्णिमा करायचो. मी म्हणायचो, ही आपली दुसरी लीग.” आणि हसले. नंतर बोलावणं यायला लागलं, ते जायलाही लागले, आणि मंडळाची टेबलंही शेवटी त्यांच्याच घरी आली.

त्या बारा कुटुंबांतलं एक माझ्या मावशीचं. मी तिला त्या संध्याकाळी विचारलं. ती भाजी चिरत होती. “अगं, तेव्हा कुठं एवढं कोणाच्या लक्षात यायचं,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ चिरलेलीच भाजी पुन्हा चिरत राहिली. मला लाज वाटली. तिची वाटली, आणि तिच्याच घरात राहून मी काही बोलले नाही म्हणून माझीही.

त्यानंतर मी रविवारी सकाळी काकांकडे जायला लागले. त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. मग मी लॅपटॉपवर ते जुने पेपर मोठे करून वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरायचं, त्यामुळे आमचं जमलं. ते उपमा करायचे. माझ्या मिठावरून, माझ्या गाडी चालवण्यावरून, माझ्या “जाऊ द्या ना काका” वरून मला बोलायचे. “तुला काय जाऊ द्यायची घाई आहे? थांब ना बावा जरा,” असं म्हणायचे. अमेरिकेत मला थांब म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मधल्या काळात आमचं मंडळ फुटलं. कारण सांगायलाही संकोच वाटतो. गणपतीचा हॉल शाळेचा घ्यायचा की देवळाचा, यावरून. एका मिटिंगमध्ये नितीन, तेव्हाचा आमचा खजिनदार, उठून गेला, त्याच्याबरोबर चाळीस घरं गेली, आणि आमच्या गावात एक जुनं मंडळ आणि एक नवं मंडळ झालं. जुन्याची सेक्रेटरी मी. काकांनी दोन्हीकडे मेंबरशिप घेतली. मी चिडून विचारलं, “काका, तुम्ही नक्की कोणाकडून?”

“मी लिहून घेणारा,” ते म्हणाले. “तुमच्यात कोणी लिहीत नाही. आता दोघंही एकाच दिवशी गणपती करतील, आणि दोघंही म्हणतील की लोक आमच्याकडेच होते.”

झालंही तसंच.

ती राहिलेली मॅच मला सापडली एका मार्चमध्ये. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. ॲडाबाईंच्या गावच्या पेपरात बारीक टाइपात चार ओळी होत्या. पाहुणा क्लब गाडी चुकून उशिरा आला, दहाच माणसं घेऊन. उजेड जात चालला होता म्हणून सत्तर मिनिटांचाच खेळ झाला. लीगच्या मॅचमध्ये आपला क्लब एका गोलनं जिंकला. मी वाचून दाखवलं आणि काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. मला म्हणाले, परत वाच. मी चारदा वाचलं. ही धरली तर ॲडाबाईंच्या आजोबांचा क्लब त्या लीगमध्ये पहिला येत होता.

पण काका ते काकाच. “आता पाहुण्यांच्या गावचा पेपर काढ,” ते म्हणाले. तो सापडायला आणखी तीन रविवार गेले. त्यात लिहिलं होतं की उशीर झाल्यामुळे दोन्ही कप्तानांनी मैदानावरच हात मिळवले आणि ही मॅच दोस्तीतली समजायची असं ठरवलं. म्हणजे लीगच्या हिशेबात ती झालीच नाही. तसं असेल तर क्लब तिसरा.

“काका, आपला पेपर जवळचा,” मी म्हटलं. “त्यांना जास्त माहीत असणार. धरून टाका.”

“आपला म्हणून धरायचा?” त्यांनी मान हलवली. “मग त्या बारांत आणि माझ्यात फरक काय राहिला?”

पुढचे दोन महिने ते याच विचारात होते. मग एका रविवारी म्हणाले, “रोहिणी, मला गणपतीच्या प्रोग्राममध्ये वीस मिनिटं दे. बोलायचं आहे. ॲडाबाईला शब्द दिला होता, लोकांसमोर वाचीन म्हणून. आणि शेवटी लोकांना एक प्रश्न विचारायचा आहे.”

“कोणता प्रश्न?”

“तो तिथंच विचारीन. सगळं एकदा झालं की हे बेसमेंट मोकळं करायचं. माझंही वय झालं.”

मी दिली वीस मिनिटं. आरतीनंतर आणि नाटुकल्याच्या आधी. त्यांनी ते भाषण मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, पानं पानं झाली. रविवारी मला वाचून दाखवा म्हटलं तर दाखवलं नाही. सूट ड्राय क्लीन करून आणला. प्रज्ञाला फोनवर सांगत होते, तू नको येऊ, तुला रजा नाही, मी व्हिडिओ पाठवतो. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला तोरा होता.

प्रोग्रामच्या आठ दिवस आधी कळलं की नव्या मंडळानं त्याच दिवशी एक गायिका बोलावली आहे. आमच्या कमिटीची झोप उडाली. कोणीतरी शिकागोच्या ढोल-ताशा पथकाला गाठलं, पथक म्हणालं, आम्हाला आरतीनंतर लगेच वेळ हवा, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. “गजभिये काकांचं काय ते जुन्या फुटबॉलचं, ते कॅन्सल करता येईल ना?” एक जण म्हणाला. “यार, वीस मिनिटं कोण ऐकणार ते?”

मी नाही म्हणू शकत होते. म्हणाले नाही. दोनशे खुर्च्या भरायच्या होत्या, आणि नितीनकडे जास्त गर्दी झालेली मला चालणार नव्हती. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही, मी खूप शोधलं.

मी फोन केला. “काका, या वर्षी जरा टाइमचा प्रॉब्लेम झालाय. पुढच्या वर्षी तुमचा स्लॉट नक्की. पहिला.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीचं हे लिहून ठेवलं का कोणी?”

“हो काका, लिहिलंय,” मी म्हटलं. समोर कागद नव्हता, पेनही नव्हतं.

प्रोग्रामला ते आले. तोच सूट घालून आले, तिसऱ्या रांगेत बसले, मांडीवर फाइल. ढोल सुरू झाला तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या. जाताना मला म्हणाले, “चांगला झाला कार्यक्रम. किती लोक होते, मोजले का?” मी म्हटलं, उद्या सांगते. सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मला जायला तोंड नव्हतं. मग दिवाळी आली, मग कामाची डेडलाइन, मग बर्फ. मी दोनदा गेले असेन. उपमा केला होता, पण खोकी तशीच बंद. मी लॅपटॉप काढला तर म्हणाले, “राहू दे आता. आपलं शोधायचं काम संपलं. आता फक्त मिटिंग राहिली.”

फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. शेजाऱ्यानं ड्राइव्हवेवरचा बर्फ दोन दिवस तसाच पाहिला आणि दार वाजवलं. हॉस्पिटलमध्ये मी गेले तेव्हा प्रज्ञा पोचली होती. काकांचं बोलणं जड झालं होतं, पण ओळख होती. माझा हात धरून ते म्हणाले, “मॅच राहिली.” मी म्हटलं, “करू काका, गणपतीत करू.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर मला बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यविधी प्रज्ञानं साधा ठेवला. एका भन्तेंनी वंदना घेतली, आम्ही दहा-पंधरा जण होतो, बाहेर पारा शून्याखाली होता. आणि मग आम्ही, म्हणजे आमच्या गावच्या शिकलेल्या, सुखवस्तू मराठी माणसांनी, एक गोष्ट केली. दोन्ही मंडळांनी काकांची शोकसभा जाहीर केली. एकाच रविवारी, दुपारी तीन वाजता, चार मैलांच्या अंतरावर.

नितीनचा फोन आला. “रोहिणी, तुमची पुढं ढकला ना. आम्ही आधी अनाउन्स केलं.”

“आमचा मेसेज दहा मिनिटं आधी गेलाय ग्रुपवर,” मी म्हटलं. “आणि काका मूळचे जुन्या मंडळाचे.”

“आमचेही मेंबर होते ते.”

“मग करा तुम्ही तुमची.”

मी फोन ठेवला. हे मी बोलले. माझ्याच तोंडानं.

रविवारी आमच्याकडे तीसेक लोक आले. पुढच्या टेबलावर काकांचा फोटो आणि हार. मी उभी राहून बोलायला लागले. काका किती नम्र होते, किती अभ्यासू होते, त्यांना इतिहासाची किती आवड होती. समोर मावशी बसली होती. तिनं मधेच हलक्या आवाजात शेजारणीला विचारलं, “प्रज्ञा कुठंय? तिकडे गेली का?” शेजारीण म्हणाली, “नाही, तिकडेही नाही. माझी जाऊ तिकडेच आहे, तिचा आत्ताच मेसेज आला.” मला पुढचं वाक्य आठवेना. दोन हॉल, दोन हार, आणि ज्या मुलीचा बाप गेला ती दोन्हीकडे नाही. मी माइक मावशीच्या हातात दिला आणि कोट घेऊन बाहेर पडले.

प्रज्ञा काकांच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. मला पाहून म्हणाली, “रोहिणीताई, आय कुडन्ट पिक वन. सो आय स्टेड होम.” मी तिच्यासमोर बसले आणि रडले. तिला सगळं सांगितलं, ती वीस मिनिटं, ढोल, ‘लिहिलंय काका’ सगळं. मग उठून तिनं फाइल आणली, तीच, जी त्या दिवशी त्यांच्या मांडीवर होती.

“मला बाबांचं मराठी हँडरायटिंग नीट येत नाही वाचायला,” ती म्हणाली. “विल यू?”

मी वाचायला लागले. मोठी मोठी अक्षरं, एका पानावर सहा-सात ओळी.

“नमस्कार. मंडळी, आपण आता एका लीगची शेवटची सभा घेणार आहोत. ती राणीच्या काळात व्हायची होती. लीग बंद करायला लोक जमले, पण कोण कितवं आलं ते न सांगता घरी गेले. ते काम आज आपल्याला करायचं आहे.” मग ॲडाबाई होत्या, पाय पूस आणि आत ये होतं, बारा क्लब होते. आमच्या बारा कुटुंबांचं एक अक्षर नव्हतं. फोटोतल्या अकरा जणांची नावं होती, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम, कानस मारणारा, भट्टीवरचा, किल्ल्या घासणारा. मग पूर्ण गुणतक्ता, एकेक ओळ. आणि शेवटच्या पानावर हे.

“एक मॅच राहिली आहे. दोन पेपर दोन गोष्टी सांगतात. सत्तर मिनिटं चिखलात माणसं खेळली हे दोघांनाही मान्य आहे. ही धरायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही, कारण मला ती फार धराविशी वाटते. तुमचा या भांडणाशी काही संबंध नाही, म्हणून तुम्ही ठरवा. ज्यांना धरावी वाटते त्यांनी हात वर करावा. तुम्ही जे ठरवाल ते मी ॲडाबाईनं दिलेल्या फोटोमागं लिहीन आणि पुन्हा बदलणार नाही.”

त्याखाली कंसात, लहान अक्षरांत: “सभेचा वृत्तांत रोहिणी लिहून घेईल.”

मागे एक कोरा कागद पिन केला होता. त्यावर पट्टीनं रेघा मारलेल्या. तारीख. हजर. धरावी. धरू नये.

प्रज्ञानं डोळे पुसले. “सो?” ती म्हणाली. “काउंट करायची?” आणि तिनं हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ. मीही केला. आम्ही दोघी त्या टेबलापाशी हात वर करून बसलो, आणि घरात फक्त हीटरचा आवाज येत होता. चार मैलांवर दोन हॉलमध्ये तेव्हा बहुतेक चहा सुरू झाला असेल.

मग मी पेन मागितलं. प्रज्ञानं काकांच्या स्वेटरच्या खिशातलं आणून दिलं. मी तारीख टाकली. ‘धरावी’ पुढे दोन लिहिलं, ‘धरू नये’ पुढे शून्य. ‘हजर’ मी शेवटी लिहिलं. त्या शब्दापुढे काकांनी तीन आकडे मावतील एवढी जागा सोडली होती. मी तिथं दोन लिहिलं.